तिसऱ्यांदा विचारा

शिराज, १२ मेहेर

माहरुख,

नावापुढे ‘जान’ लावलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुद्दामच लावलं नाही. दोन वर्षं जिनं आईला एक ओळ लिहिली नाही, तिच्या नावापुढे काय लावायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मीही लिहिली नाही हे खरं आहे, पण मी आई आहे.

पत्र अशासाठी, की फोनवर तू नुसतं हं हं करशील आणि तुझ्या हॅनोवरच्या हॉस्पिटलात कुठे घंटा वाजली की ठेवून देशील. अंगठ्यानं टिचक्या मारत निरोप धाडणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. आयुष्यभर पोरींना निबंध शिकवले. तेव्हा सावकाश बस आणि नीट वाच.

बातमी अशी की मी ऑपरेशन करून नाक सरळ करून घेते आहे.

हो, या वयात. हसायचं असेल तर हसून घे. अठराव्या वर्षी मी माझ्या बाबांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, आपल्या घराण्याचं नाक आहे, कापायला निघालीस तर घराण्यानं तोंड कुठे दाखवायचं. मग लग्न झालं, मग युद्ध आलं, बाँब पडत असताना नाकाचं कोण बघतो. मग तू झालीस, मग शाळा. शाळेत दर सुट्टीनंतर दोनचार पोरी नाकावर पांढरी पट्टी लावून मिरवत वर्गात यायच्या, आणि मागच्या बाकांवर मला काय म्हणायच्या ते मला पक्कं ठाऊक होतं. सुकाणू. फरंगीस खानम आल्या म्हणजे जहाज वळलं. मी त्यांना व्याकरणात एक गुणही सोडला नाही.

तुझे वडील म्हणायचे, फरंगीस खोलीत यायच्या आधी तिचं नाक येतं, तेवढ्यात मला चेहरा सरळ करायला वेळ मिळतो. होमायून गेले. आता चेहरा सरळ करणारं घरात कोणी उरलं नाही. नाक माझं आहे आणि निर्णयही माझा.

तूरानमावशीही करते आहे. माझी चुलतबहीण म्हणवते, पण पाळण्यात असल्यापासून माझ्याशी शर्यत लावून बसली आहे. मी गुलाबाचं रोप लावलं की ती दोन लावते. पण ती गल्लीभर सांगत सुटली आहे की हाड वाकडं आहे, श्वास कोंडतो, डॉक्टरांनीच सांगितलं. मी भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं, दिसण्यासाठी करते आहे. तो म्हणाला, “खानम, तुम्हाला काय गरज?” मी म्हटलं, “गरज नाही, हौस आहे. काकड्या नीट निवडून द्या.”

तू भूलतज्ज्ञ आहेस म्हणून एक गोष्ट कळवते. डॉक्टर म्हणतात पूर्ण भूल घ्या. मला जागेपुरतीच हवी आहे. आपल्या तोंडावर परका माणूस छिन्नी चालवणार तर त्याच्यावर लक्ष नको का ठेवायला? हे फक्त कळवते आहे, सल्ला मागत नाही. घराचा पत्ता बदललेला नाही, तरी पाकिटामागे लिहिला आहे.

फरंगीस

—

शिराज, ९ आबान

माहरुख,

तुझं पान पोचलं. एकच पान, आणि त्यात ‘मामान, कशी आहेस’ एवढंही नाही. रक्तदाबाची गोळी कुठली, जिना चढताना दम लागतो का, रात्री घोरतेस का, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का. एखाद्या पेशंटला लिहावं तसं. मी सगळी उत्तरं या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिली आहेत. घोरत नाही. तुझे वडील घोरायचे, आणि नाव माझं घ्यायचे.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. पूर्ण भुलीला आता पूर्वीसारखं घाबरायचं कारण नाही, औषधं हलकी आली आहेत, श्वासाची नळी असल्यानं रक्त घशात उतरत नाही. जागेपुरती भूल आणि थोडी गुंगी घेतली तर मळमळ कमी, माणूस लवकर घरी जातो, पण गुंगीचं औषधही म्हाताऱ्या डोक्याला गोंधळात पाडू शकतं. म्हातारं डोकं हा शब्द तुझा. आणि शेवटी खाली रेघ मारून लिहिलं आहेस: “भूल कुठलीही घे, पण भूल देणाऱ्याशी तारोफ करू नकोस.”

हे वाचून मला राग आला. तारोफ कुठे करायचा आणि कुठे नाही हे मला कळत नाही असं वाटतं तुला? पाहुण्याला तीनदा आग्रह करायचा, आपण पाहुणे असलो तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे मी तुला शिकवलं. तू लहानपणी शेजाऱ्यांकडे पहिल्याच आग्रहाला बशीतली सगळी गझची मिठाई उचलली होतीस, आणि मला आठवडाभर तोंड दाखवायला जागा नव्हती.

असो. तूरान आणि मी डॉक्टर साबेतींच्या दवाखान्यात जाऊन आलो. बसायच्या खोलीत सगळ्या विशीतल्या पोरी. त्यातल्या एकीनं उठून मला जागा दिली आणि विचारलं, “आजी, नातीबरोबर आलात का?” मी म्हटलं, “नाही बाळ, नात अजून व्हायची आहे. मी नाकाबरोबर आले आहे.” पूर्ण खोली हसली, तूरान सोडून.

साबेती वजनदार माणूस आहे, बोटं मात्र शिंप्यासारखी नाजूक. म्हणाले, “खानम, झोपून जा. पेशंट झोपला की माझा हात मोकळा चालतो.” मी म्हटलं, “मी जागी असले तरी तुमच्या हाताला धरणार नाही.” त्यांनी मग भूल देणाऱ्याला बोलावलं. डॉक्टर निकजाद. तुझ्याच वयाचा असेल, अदबीनं बोलतो. त्यानं माझे कागद बघितले, छाती तपासली आणि म्हणाला की तब्येत चांगली आहे, दोन्ही प्रकार चालतील. फक्त जागेपुरती घ्यायची तर एक अट. दुखलं की सांगायचं.

“का, इराणी बाया सांगत नाहीत?” मी विचारलं.

“माझी आईसुद्धा सांगत नाही,” तो म्हणाला.

तूराननं पूर्ण भूल मागितली. म्हणते, “मला काही बघायचं नाही, काही ऐकायचं नाही. हाडावर हातोडी मारतात म्हणे, मी ती ऐकत पडू?” भित्री आहे, आधीपासूनच. आम्हा दोघींचा एकच दिवस ठरला आहे, आधी ती, मग मी. तिला पहिला नंबर हवा होता, मी देऊन टाकला.

फरंगीस

—

शिराज, २४ आबान

माहरुख,

उद्या आहे. अंगणातल्या नारिंगाच्या झाडाखाली बसून लिहिते आहे. ऊन छान आहे. शिराजचं ऊन तुझ्या नशिबात नाही, त्याला मी काय करू.

मी घाबरलेली नाही, हे आधी लिहून ठेवते. तूरान घाबरली आहे. सकाळपासून चार वेळा फोन करून विचारते, “फरंगीस, उठणार ना आपण?” मी तिला म्हटलं, उठायचं काय त्यात, सगळेच उठतात.

सगळे उठतात. प्रश्न एवढाच, की उठतं कोण.

तुझे वडील उठले होते. खुब्याचं हाड बसवलं, उत्तम बसवलं, डॉक्टर खूष होते. डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “आपा, फरंगीसला बोलवा.” आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, जी तू जन्मायच्या आधीच गेली होती. मी म्हटलं, मीच फरंगीस. ते म्हणाले, “थट्टा करू नका, फरंगीसचं नाक मी ओळखतो.” मी नाक त्यांच्या तोंडाजवळ नेलं. त्यांनी मान फिरवली. मग हाताची सुई उपसली, आणि खाटेला बांधावं लागलं त्यांना. होमायूनना. ज्यांनी आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला नाही. तीन आठवडे ते कुठल्या तरी दुसऱ्याच घरात राहत होते, आणि तिथूनच गेले.

त्या दिवसांत तुझा फोन आला होता. त्याबद्दल मी आज लिहिणार नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवशी फोनवर मी तुला जे बोलले, की तुमच्या त्या झोपेच्या औषधानं माझा माणूस नेला, त्याबद्दलही आज लिहिणार नाही.

लक्ष ठेवायचं म्हणून जागी राहते असं मी सगळ्यांना सांगते आहे, आणि ते खोटं नाही. पण तुला, तुझा धंदाच तो आहे म्हणून सांगते, मला माझी मी हातातून सोडायची नाही. नाक बदललं तर चालेल, बाकीचं सगळं होतं तसं हवं.

म्हणून मी एक युक्ती केली आहे. निकजादला सांगून ठेवलं, सगळं झाल्यावर मी माझ्या शेवटच्या वर्गाची हजेरी घेईन. एकही नाव चुकलं तर मला तोंडावर सांगायचं. तो म्हणाला, “मला नावं कशी कळणार?” मी म्हटलं, “मी अडखळले की कळेल. मी कधी अडखळत नाही.”

आता आत जाते. तूरानचा पाचवा फोन वाजतो आहे.

फरंगीस

—

शिराज, २८ आबान

माहरुख,

जिवंत आहे. शुद्धीत आहे. अक्षर बघ, नेहमीसारखं आहे.

आता जे झालं ते क्रमानं सांगते, कारण तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुझे हेर आहेत हे आता मला माहीत झालं आहे.

तूरानला आधी नेलं. मग मला. निकजादनं हातात सुई लावली, थोडी गुंगी दिली. मऊ वाटलं, पण डोकं जागेवर. मग साबेतींनी नाकात टोचलं. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घातल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, मग हळूहळू नाक माझं राहिलंच नाही. काम सुरू झालं. साबेती हळू आवाजात कुठलंसं गाणं गुणगुणत होते, बेसूर. मी ऐकून घेतलं.

मग एका बाजूला, वर, भुवईजवळ, दुखायला लागलं. निकजादनं वाकून विचारलं, “खानम, दुखतंय का?”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “नाही बेटा, तुमचे हात दुखू नयेत.”

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, “आणखी औषध देऊ का?”

मी म्हटलं, “नको नको, कशाला उगाच तसदी घेता.”

तू आत्ता डोक्याला हात लावला असशील. लाव. पण मला सांग, एक भला माणूस इतक्या अदबीनं विचारतोय, तर पहिल्याच खेपेला हो कसं म्हणायचं? जीभच वळली नाही. दातांखाली दात दाबले आणि पडून राहिले. मनात म्हटलं, अजून एकदा विचारेलच की.

त्यानं विचारायच्या आत यंत्र टीं टीं करू लागलं. साबेतींचं गाणं थांबलं. ते म्हणाले, “एवढं रक्त का येतंय? दाब बघा.” दाब चढला होता. त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि कापूस दाबून धरला. पूर्ण भूल द्यायची का, असं साबेतींनी विचारलेलं मी ऐकलं. तेव्हा मात्र मी घाबरले. मला वाटलं, आता मला बुडवणार, आणि वर येईल ती दुसरीच कोणी असेल.

निकजाद माझ्या कानापाशी आला. म्हणाला, “फरंगीस खानम, आता मी तिसऱ्यांदा विचारतो आहे. दुखतंय?”

मी म्हटलं, “आता तुम्ही इतका आग्रहच करता आहात तर, हो. जीव जातोय माझा.”

साबेती मास्कच्या आत हसले असावेत, कारण त्यांचे खांदे हलले. त्यांनी त्या जागी आणखी टोचलं, निकजादनं सुईतून काही दिलं, आणि दुखणं गेलं. दाब उतरला. पूर्ण भूल लागली नाही. बाकीचं काम मी मऊ गादीवर पडून ऐकल्यासारखं ऐकलं. हातोडीही ऐकली. तूरान म्हणते तितकी काही वाईट नसते, खाटीक शेजारच्या घरात हाडं फोडतो तशी.

संपल्यावर मी हजेरी घेतली. तसं ठरलंच होतं. अबीवर्दी, अदीब, बामदाद, पाकरवान, सगळ्या. एकाही नावाला अडखळले नाही. पण गुंगी अजून उतरली नव्हती, आणि शेवटचं नाव झाल्यावर तोंडातून तुझं नाव गेलं. माहरुख. कोणी हजर म्हणेना. मी पुन्हा हाक मारली. म्हणे मी रागावले, आणि गैरहजेरी मांडायला पेन मागितलं.

तेव्हा निकजाद म्हणाला, “खानम, ती हजर आहे. तिनं काल मला फोन केला होता, हॅनोवरहून.”

त्यानं तिथेच सांगून टाकलं सगळं. तू दवाखान्याचा नंबर शोधलास, त्याला गाठलंस, औषधांबद्दल विचारलंस, आणि शेवटी म्हणालीस, “माझी आई दोनदा नाही म्हणेल. तिला तिसऱ्यांदा विचारा, आणि तिसरं उत्तर खरं माना.” तो म्हणाला, मी तेव्हा हसलो होतो खानम, माफ करा, सुरुवातीपासूनच लक्षात ठेवायला हवं होतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्या दिव्यांमुळे. फार प्रखर दिवे असतात, तुला माहीतच आहे.

गुंगीत मी आणखी काही बोलले असं परिचारिका सांगते. त्यावर विश्वास ठेवू नकोस.

फरंगीस

—

शिराज, १६ आझर

माहरुख,

प्लास्टर निघालं.

आधी तुझ्या धंद्याच्या कामाचं लिहिते, कारण दोन बाया, एक दवाखाना, एक दिवस, आणि भूल दोन प्रकारची, असा दाखला तुला परत मिळायचा नाही. मी त्याच संध्याकाळी घरी आले, आणि खुर्चीत ताठ बसून वाटीभर आशचं सूप प्यायले. मळमळ नाही, काही नाही. कोणता दिवस आहे ते विचारायच्या आधी सांगितलं. तूरानला उठल्यावर उलट्या झाल्या, नळीनं घसा बसला, आणि तिनं तिच्या सुनेला संध्याकाळभर एकच विचारलं, “झालं का ग? माझं झालं का?” दुसऱ्या दिवशी दुपारी ती तरतरीत झाली. पण तिला छिन्नी आठवत नाही, हातोडी आठवत नाही. म्हणते, “मी डोळे मिटले आणि उघडले, मधे काहीच नव्हतं, गुलाबपाण्यासारखी झोप.” आणि तिचा चेहरा माझ्यापेक्षा लवकर उजळला. माझ्या डोळ्यांखाली दोन वांगी टांगली होती, काळीनिळी. साबेती म्हणाले, “दुखलं की दाब चढतो, दाब चढला की रक्त, आणि रक्ताचा रंग असा तोंडावर राहतो. हे तुमच्या तारोफचं बिल आहे, खानम.” मी ती वांगी घेऊनच बाजारात गेले. काळा चष्मा लावला नाही.

येणारा जाणारा प्रत्येक जण अननसाच्या फोडींचा डबा घेऊन येतो, सूज उतरते म्हणून. शेवटी मी एक डबा तूरानकडे पाठवला. तिनं तोच परत पाठवला, वर तिचा एक. असा आमचा व्यवहार चालू आहे.

नाक कसं आहे विचारशील तर, चांगलं आहे. फार चांगलं आहे. साबेतींना मी सांगितलं होतं, विशीतल्या पोरीचं वर उडालेलं नाक मला नको, माझ्या वयाला शोभेल असं सरळ हवं. सरळ आहे. वकील बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिचंच नाक तिनं दोनदा केलेलं. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “खानम, तुम्ही?” मी म्हटलं, “हो. आता जहाज कसं वळवणार?” बिचारी मानेपर्यंत लाल झाली. मग आम्ही दोघींनी फालुदा खाल्ला, पैसे तिला देऊ दिले, ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा. श्वासही मोकळा झाला आहे, पण हे तूरानला कळता कामा नये.

आता दुसरं.

तुला नियम माहीत होता. हॅनोवरला इतकी वर्षं राहून, त्या लोकांत, जिथे नको म्हणजे नको असतं, तुला तो माहीत होता. मग त्या वेळी कुठे गेला होता?

तुझे वडील बांधलेले होते तेव्हा तू फोन केलास. म्हणालीस, “मामान, मी येऊ का?” मी म्हटलं, “नको, कशाला, तुझी परीक्षा आहे, एवढा लांबचा प्रवास, आमचं ठीक चाललंय.” तू म्हणालीस, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” आणि तू म्हणालीस, “बरं.”

बरं.

मी दिवसभर फोनशेजारून हलले नाही. हॉस्पिटलमध्येही तो पदराला बांधल्यासारखा हातात होता. तुझे वडील मला ओळखत नव्हते, मी एकटी होते, आणि मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते. मला वाटलं, आत्ता विचारेल. जेवली की विचारेल. उद्या विचारेल. तू विचारलं नाहीस, आणि ते गेले, आणि मी तुझ्या धंद्याला शिव्या दिल्या.

मी चुकले असं मी म्हणत नाही. माझ्या आईनं मला शिकवलं तसं मी बोलले, आणि तुलाही तेच शिकवलं होतं. पण टेबलावर पडले होते तेव्हा एक गोष्ट कळली. मी नाही म्हणत होते आणि रक्त वाहत होतं, आणि समोरच्याला त्यातलं फक्त नाहीच ऐकू येत होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे यंत्र होतं म्हणून त्याला कळलं. तुझ्याकडे फोन होता, यंत्र नव्हतं.

आणि निकजादला मी तुझ्या वडलांबद्दल विचारलं. तो म्हणाला, भुलीचा वाटा असेलही थोडा, पण मोडलेलं हाड, ताप, वय, परकी खाट, सगळं मिळून होतं ते, आणि जागेपुरती भूल दिली असती तरी झालं असतं कदाचित. मी त्याचं म्हणणं मान्य केलं आहे. म्हणजे तुझ्या धंद्यानं माझा माणूस नेला नाही. हे लेखी देते आहे, म्हणजे तुझ्याकडे राहील.

फरंगीस

—

शिराज, ३ एस्फंद

माहरुख जान,

वर जे खोडलं आहे ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. उजेडाकडे धरूनही वाचता येणार नाही, मी नीट खोडलं आहे.

तुझं पत्र काल आलं. या खेपेला पेशंटला लिहिल्यासारखं नव्हतं. मी ते तूरानला वाचून दाखवलं, सगळं नाही, तिला जळवण्यापुरतं. तुझ्या फोननंतर निकजादला हसू आलं त्याबद्दल तू त्याच्यावर रागावू नकोस, तो चांगला मुलगा आहे. लग्न झालेलं आहे, मी विचारून घेतलं.

तू लिहितेस की बाबा गेले त्याच दिवशी तुला तो नियम आठवला, आणि तेव्हापासून रोज तिथे, परक्या लोकांना, जे पहिल्याच खेपेला खरं सांगून टाकतात त्यांनाही, तू तीनदा विचारतेस. तुझे सहकारी हसतात. हसू देत. माझी मुलगी तीनदा विचारते. हे मी भाजीवाल्यालाही सांगितलं, आणि त्यानं काकड्या निवडून दिल्या.

तू लिहितेस की माझं जुनं नाक गेल्याचं तुला वाईट वाटलं, मग आरशात बघितलंस तर ते तुझ्याकडे शाबूत होतं. बाळ, ते सांभाळ. होमायूनना तेच आवडायचं. मी हे आधी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर साबेतींकडे गेले नसते, आणि मला जायचंच होतं. मला पश्चात्ताप नाही. पण सकाळी आरशात बघते तेव्हा ते कधी कधी मला शोधत असतील असं वाटतं, आणि मग वाटतं, घरात ते नाक कुठे तरी हवं.

शेवटी तू विचारलंस, “मामान, नव्या वर्षाच्या ईदला येऊ का?”

माझ्या हातानं आपोआप लिहायला घेतलं, कशाला एवढ्या लांबून, सुट्टी मिळायची नाही, माझं ठीक चाललंय. वर खोडलं आहे ते हेच. तिसऱ्या ओळीपर्यंत गेले होते. मग पेन खाली ठेवलं, अंगणात जाऊन आले, नारिंगाला कळ्या धरू लागल्या आहेत त्या बघून आले, आणि परत बसले.

तू एकदाच विचारलंस. पुरे आहे, दुसऱ्यांदा विचारू नकोस.

दुखतंय. ये.

तुझी मामान
फरंगीस